तट्टे, तुराट्या आणि तिरपं ऊन : वावरातल्या डिझाइन प्रदर्शनात रचनांचे फोटो कसे काढावेत

सेवाग्रामपासून फार लांब नसलेल्या एका गावात, पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या वावरात, मागच्या जानेवारीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि गावच्या कारागिरांनी मिळून सात रचना उभ्या केल्या होत्या. बांबूचा घुमट, तुराट्यांच्या कुडाची गोल भिंत, जुन्या कवेलूंची (छपराच्या कौलांची) जाळी, तट्ट्यांची, म्हणजे बांबूच्या विणलेल्या चटयांची, एक लांब बोळ. प्रदर्शन चार दिवसांचं. पाचव्या दिवशी बांबू परत जाणार होते आणि माती वावरात मिसळणार होती.

पहिल्या संध्याकाळी घुमट बांधणाऱ्या काकांना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. मावळतीचं ऊन, लांब सावल्या, वर निळं आभाळ. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "फोटो झकास हाये भाऊ. पण गाठ कुठी हाये?"

दीडशेच्या आसपास फोटो होते आणि गाठ एकातही नव्हती. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. रचना मोडल्यानंतर, ती कधीच न पाहिलेल्या कारागिराच्या हातात हे फोटो दिले, तर त्याला ती पुन्हा बांधता येईल का? या कसोटीला उतरणारे फोटो बहुधा दिसायलाही चांगले असतात, कारण ते काढणाऱ्याने रचना समजून घेतलेली असते. पुढचं सगळं या कसोटीला धरून आहे.

दोन दिवस आधी पोहोचा

उद्घाटनाच्या दिवशी पोहोचलात तर अर्धी गोष्ट हातची गेली. फक्कीने जमिनीवर आखलेलं वर्तुळ, खांबांचे खड्डे, पाण्यात भिजत घातलेल्या कमच्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या), कुटार (भुसा) मिसळून पायाने तुडवलेला गारा, हे सगळं नंतर दिसत नाही. कुडाच्या भिंतीची छपाई झाली, म्हणजे तिच्यावर मातीचा लेप चढला, की नुसती मातीची भिंत दिसते. आत तुराट्या आडव्या विणल्यात की उभ्या, हे छपाईआधीच्या फोटोशिवाय कुणाला कळायचं नाही.

एक साधी युक्ती सांगतो. रचनेसमोर पंधरा-वीस पावलांवर जमिनीत एक खुंटी ठोका. रोज तीन वेळा त्याच खुंटीवर उभं राहून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने एक फोटो घ्या. झूम बदलायचा नाही. दोन दिवसांत रचना उगवताना दिसेल असा सहा-सात फोटोंचा संच तयार होतो. खुंटीला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर कुणाचा तरी पाय अडकेल किंवा कुणीतरी उपटून कामाला लावेल.

काम चालू असताना कुणाला थांबवून "इकडे पाहा" म्हणू नका. गारा वाळत असतो, गाठ अर्धी आवळलेली असते. बाजूला उभे राहा. तासाभराने तुमची सवय होते आणि हात मोकळेपणाने चालायला लागतात.

ऊन कुठून येतं ते आधी काढा

आपल्याकडे अशी प्रदर्शनं बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात. या काळात सूर्य आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडून फिरतो आणि नैऋत्येला मावळतो. यातून एक गोष्ट निघते आणि ती फार उपयोगाची आहे: हिवाळ्यात उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन पडतच नाही. तिची वाट पाहत बसू नका. अशा भिंतीचा फोटो भर दुपारी काढा. समोरच्या उजळ जमिनीवरून परतलेला मऊ प्रकाश तेव्हा तिच्यावर सगळ्यात जास्त असतो. काळी माती मात्र प्रकाश पिऊन टाकते. समोर पांढरं धोतर किंवा चादर पसरली, फ्रेमच्या बाहेर, तर फरक डोळ्यांना दिसतो.

पूर्वेकडची बाजू सकाळी दहापर्यंत, पश्चिमेकडची चारनंतर. दक्षिणेकडच्या बाजूला सकाळी आणि दुपारी उशिरा दोन्ही वेळा तिरपं ऊन मिळतं, म्हणून तिला दोनदा भेट द्या आणि मग ठरवा.

सावल्यांचा अंदाज असा. वर्ध्याच्या परिसरात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊला दहा फुटी खांबाची सावली वीस फुटांच्या आसपास पडते. सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण देशभरचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण त्याच्या जवळपास चार अंश पश्चिमेला. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत सूर्याचीही थोडी दिरंगाई असते. तेव्हा सावली आठ फुटांवर आलेली असते. जाळी, तट्टे, कमच्यांचं विणकाम अशा रचनांची सावली हाही रचनेचाच भाग असतो. ती जमिनीवर पूर्ण, न मोडता कधी पडते ते पाहून तो फोटो वेगळा काढा.

उन्हाळ्यातलं प्रदर्शन असेल तर हिशोब उलटा होतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायात गोळा होते. तेव्हा सकाळी साडेआठनंतर बाहेरचे फोटो सोडून द्या आणि आतले काढा.

पहिली फेरी हात मोकळे ठेवून

पिशवी गाडीतच राहू द्या. रचनेभोवती एकदा दुरून आणि एकदा हाताच्या अंतरावरून फिरा, तिसऱ्यांदा आत शिरून खाली बसा. गावात बांधलेल्या बऱ्याच रचना बसलेल्या माणसाच्या मापाने केलेल्या असतात. उभ्याने काढलेल्या फोटोत त्या बुटक्या आणि कोंदट वाटतात.

वहीत वरून पाहिल्यासारखा एक कच्चा नकाशा काढा. उत्तर कुठे, दार कुठे, विजेचा खांब कुठे, ट्रॅक्टर उभा असतो तो धुरा (बांध) कुठे. जिथून फोटो काढायचा तिथे बाण, बाणाशेजारी वेळ. माझ्या एका रचनेच्या नकाशावर सहसा आठ ते दहा बाण असतात. मागचा फ्लेक्स, मोबाइलचा टॉवर, प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्या यांची नोंद याच वेळी करा. खुर्च्या आयोजकांना सांगून हलवता येतात. टॉवर हलत नाही, तिथे आपणच दोन पावलं सरकायचं.

कॅमेरा कोणता

जो आहे तो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटर लेन्सइतकं दृश्य घेतो आणि वास्तूच्या फोटोंसाठी ही मोठी चांगली रुंदी आहे. फोनमधली सर्वांत रुंद लेन्स टाळा. ती कडेची माणसं आणि खांब ताणते, आणि दहा फुटी झोपडीला मंगल कार्यालय करून टाकते. ज्याने ती मापाने बांधली त्याच्यावर हा अन्याय आहे. दोन-तीन पट झूमचा खरा वेगळा कॅमेरा फोनला असेल तर मागे जाऊन तो वापरा. वावरात मागे जायला जागा भरपूर असते आणि रचनेची प्रमाणं खरी येतात.

मोठा कॅमेरा असेल तर एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), तिपाई, दोन सेकंदांचा टायमर, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. तिपाईवर असताना लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. नांगरटीच्या ढेकळांत तिपाईचे पाय हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली कवेलूचा एक तुकडा ठेवा.

उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत

वास्तूचा फोटो आणि सहलीचा फोटो यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो. उंच रचना मावावी म्हणून आपण कॅमेरा वर करतो. त्या क्षणी कॅमेऱ्यातला सेन्सर भिंतीशी समांतर राहत नाही, वरचा भाग त्याच्यापासून लांब जातो, लांबचं लहान दिसतं, आणि खांब वर एकमेकांकडे झुकतात. घुमट मागे कलंडल्यासारखा दिसतो.

पहिला उपाय फुकटातला: कॅमेरा सरळ धरा, मागे जा, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात पातळी दाखवणारी रेषा असते, ती चालू ठेवा. दुसरा उपाय म्हणजे उंची. रचना बारा फुटी असेल तर तुमचा डोळा सहा फुटांच्या आसपास असावा म्हणजे कॅमेरा वर करावाच लागत नाही. त्याहून उंच असेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढा. ट्रॉली वावरात कुठेही नेता येते, तिच्यावर तिपाई लावता येते, आणि मालकाला आधी विचारलं तर तो स्वतः चालवून हवी तिथे उभी करून देतो. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकणारी लेन्स, असणाऱ्यांना हे सगळं बसल्या जागी जमतं, पण ती महाग असते आणि मी स्वतः तिच्याशिवायच काम करतो.

राहिलेला थोडा तिरपेपणा स्नॅपसीड किंवा लाइटरूममध्ये सरळ करता येतो. थोडाच. फार ओढलं की रचना उंच आणि सडपातळ होते, आणि कडेचं काही ना काही कापलं जातं. म्हणून काढतानाच चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा.

आता अडचण अशी की बांबू मुळात सरळ नसतो. खांब खरंच कललाय की फोटोत कललाय? यावर मला एका गवंडीमामांनी नकळत उत्तर दिलं. ते भिंत तपासत होते आणि त्यांचा ओळंबा माझ्या फ्रेममध्ये आला. ओळंब्याची दोरी खोटं बोलत नाही. आता मी प्रत्येक मुख्य कोनातून एक फोटो ओळंबा लटकवून काढतो आणि एक त्याच्याशिवाय. घरी पहिला फोटो दोरीवरून सरळ करायचा आणि तीच दुरुस्ती दुसऱ्याला लावायची. मग जो खांब तरीही तिरपा दिसेल तो खरंच तिरपा आहे, आणि त्याला तसाच राहू द्या.

आतला काळोख आणि फटींतलं ऊन

तट्ट्यांच्या बोळीत शिरलं की डोळ्यांना दोन मिनिटं काही दिसत नाही, मग सगळं दिसतं. कॅमेऱ्याला ही सवय होत नाही. फटीतल्या उन्हाला धरलं तर भिंती काळ्या, भिंतींना धरलं तर फटी पांढऱ्याफटक. तिपाईवर तीन फोटो घ्या: एक कॅमेऱ्याच्या मोजमापानुसार, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि नंतर जुळवा. फोनमध्ये उजळ पट्टीवर बोट ठेवून प्रकाश थोडा खाली ओढा; काळोख नंतर थोडा उघडता येतो, पांढरं झालेलं परत येत नाही.

पण जुळवताना काळोख पूर्ण पुसू नका. ती जागा गार आणि अंधारी आहे म्हणूनच विदर्भातल्या उन्हात तिला किंमत आहे. आत सगळं लख्ख दिसणारा फोटो त्या जागेबद्दल चुकीची माहिती देतो.

आतून दाराकडे पाहत एक फोटो हवाच. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर केलेल्या निमुळत्या नळ्या एकमेकींत अडकवून कमानदार छतं उभी केली आहेत. तशा प्रकारचं छत असेल तर बरोबर मधल्या रेषेवर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर कॅमेरा ठेवून सरळ पुढे पाहणारा फोटो घ्या. कमानी एकामागे एक मोजता आल्या पाहिजेत. एक इंचही बाजूला सरकलात तर ते डोळ्याला खटकतं.

मातीची भिंत

मातीवर समोरून ऊन पडलं की ती कागदासारखी सपाट होते. ऊन भिंतीला घासून जाईल अशी वेळ पाहा. पूर्वेच्या भिंतीला ती बारा-सव्वाबाराच्या सुमारास येते आणि जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात सारवणाऱ्या हाताचे अर्धगोल, बोटांच्या ओळी, तडे, कुटाराच्या काड्या सगळं वर येतं. बापूकुटीतल्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत. पुढच्या वेळी गेलात तर समोरून पाहा, मग भिंतीच्या कडेला जाऊन पाहा. १९३६ नंतर तिथे हातांनी किती बारीक काम झालं ते कडेने पाहिल्यावरच समजतं. फोटोग्राफीचा एवढा चांगला धडा जवळपास दुसरीकडे नाही.

ऊन नसेल तर रात्री एक साधी टॉर्च भिंतीलगत धरली तरी हेच साधतं.

गाठ

प्रत्येक सांध्याचे तीन फोटो. पहिल्यात तो सांधा रचनेत कुठे आहे ते दिसावं. दुसऱ्यात सांध्यात येणारे सगळे बांबू, साधारण दोन हातांच्या अंतरावरून. तिसरा फक्त गाठीचा: सुतळी आहे की अंबाडीचा वाख, किती वेढे, शेवटचं टोक कुठे खोचलंय. मागची बाजू विसरू नका. गाठीचं खरं काम बहुधा मागेच असतं. मापासाठी शेजारी टेप धरा. टेप नसेल तर बांधणाऱ्याचा हात, कारण त्यानेही वितीनेच मोजलेलं असतं. जवळच्या फोटोत एफ ११ ठेवा, नाहीतर पुढचा वेढा स्पष्ट आणि मागचा धूसर होतो.

माणसं

माणूस नसलेल्या फोटोत उंची कळत नाही. पण कुणालाही उभं करू नका. त्या जागेचा वापर करणारं माणूस हवं. बोळीच्या सावलीत टेकलेली आजी, जाळीतून पाहणारं पोर, घुमटाखाली बसून भाकर खाणारे सालगडी. चेहरा ओळखू येणार असेल तर विचारा, आणि लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांना विचारा. भिंत सारवणाऱ्या बायांचे फोटो कुणी काढत नाही, विद्यार्थ्यांचे काढतात. एका मावशींनी मला बोलावून सांगितलं, "हे माह्या हातचं हाये, मले बी घ्या ना जी यात." त्यांचा हात भिंतीवर आणि नजर कॅमेऱ्यात असलेला तो फोटो माझ्या मते त्या प्रदर्शनातला सर्वांत खरा फोटो आहे.

शाळेची सहल आली की रचना दिसेनाशी होते. तेव्हा तिपाईवर अर्धा ते एक सेकंदाचा फोटो घ्या. धावणारी मुलं विरघळतात आणि बांबू स्थिर राहतात. त्यासाठी आतला अंधार किंवा संध्याकाळ हवी.

दिवे लागल्यावर

जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटं आभाळ आणि आतले दिवे एकाच तोलाचे असतात. आपल्याकडे ही वेळ भराभर सरते, म्हणून पावणेसहालाच जागा धरा. एलईडीचे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, अथवा तिपाईवर त्याहून सावकाश. जास्त वेगाने फोटोत आडवे पट्टे येतात. पांढरे आणि पिवळे दिवे एकत्र लावले असतील तर आयोजकांना एकाच रंगाचे ठेवायला सांगून पाहा. पाच मिनिटांचं काम असतं.

धूळ

लेन्स वावरात बदलू नका, गाडीत काच वर करून बदला. रोज रात्री हवेच्या फुग्याने धूळ उडवा आणि मगच कापडाने पुसा. काळ्या मातीचे कण आधी पुसले तर काच ओरखडते.

परवानगी आणि नावं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वास्तूचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक देतं. शिल्पासारख्या कलाकृतीला मात्र अट आहे की ती लोकांना खुल्या जागी कायमची असावी. चार दिवसांची रचना वास्तू की शिल्प, यावर वाद होऊ शकतो. म्हणून रचनाकार आणि आयोजक दोघांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, मोबाइलवरचा संदेशही जपून ठेवा. आणि फोटोखाली नावं लिहिताना आराखडा करणाऱ्याइतकंच ठळक नाव बांधणाऱ्याचं लिहा. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा.

उतरवण्याच्या दिवशी घरी राहू नका

पाचव्या दिवशी पाहुणे नसतात, आयोजक थकलेले असतात, आणि फोटोवाला बहुधा निघून गेलेला असतो. पण रचना उतरवताना गाठी उलट्या क्रमाने सुटतात. शेवटी बांधलेली आधी. जे सांधे एकमेकांखाली लपलेले होते ते एकेक करून उघडे पडतात. पहिल्या दिवशी जे माझ्याकडून राहिलं होतं ते मला पाचव्या दिवशी मिळालं. काकांनी प्रत्येक गाठ सोडण्याआधी हात थांबवले, माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवल्यावर टोक ओढलं. या कामाला तीन तास लागले.

निवड आणि परत देणं

एका रचनेचे तेरा ते सोळा फोटो पुरतात: दुरून दोन, चारी बाजूंचे चार, आतले दोन-तीन, सांधे चार-पाच, माणसं एक-दोन. मातीचा रंग सांभाळा. प्रत्येक प्रकाशात एक फोटो पांढरा कागद धरून काढलेला असेल तर घरी रंग त्याच्यावरून लावता येतो. नाहीतर पांढरी माती गुलाबी आणि काळी माती निळी होते. फाइलच्या नावात तारीख, रचना, दिशा आणि वेळ लिहा, आणि दोन वेगवेगळ्या जागी साठवा.

मग छापील प्रती काढा, चार बाय सहाच्या. कारागिरांच्या फोनमधले फोटो फोनबरोबर जातात. मी घुमटाच्या सोळा प्रती घेऊन महिन्याने गेलो. काकांनी त्या बाजेवर ओळीने मांडल्या, दोन गाठींची जागा अदलाबदल करून क्रम बरोबर लावला, आणि एक फोटो उलटा करून माझ्या हातात दिला. "मांगं लिहून देजा ना भाऊ, कमची किती फुटाची होती थे."

तेव्हापासून प्रत्येक प्रतीच्या मागे मी माप लिहितो: कमचीची लांबी, बांबूची जाडी, खड्ड्याची खोली, वेढे किती. शिसपेन्सिलने, कारण शाई चिकण्या कागदावर पसरते आणि ओल लागली की पुसली जाते.